अप्पांचं बाड आणि ८३ मेगाहर्ट्झ



आपण इथे बहुतेक वेळा वाड्यांच्या, शाळेच्या, गणपतीच्या आठवणी लिहितो. काचीगुड्यातली माडीची घरं, विवेकवर्धिनीतले सर, ग्रंथसंग्रहालयातल्या दिवाळी अंकांच्या रांगा. आज मी एका मदरबोर्डची गोष्ट सांगणार आहे. "हे काय मध्येच?" असं म्हणू नका. आपल्या हैदराबादच्या मराठी घरांचा जो इतिहास लिहून होत आला होता, त्यात या बोर्डपायी एक भोक पडलं. खरं म्हणजे बोर्डनं नाही, मीच पाडलं. पंचवीस वर्षं झाली, आता सांगायला हरकत नाही.

अप्पा म्हणजे माझे थोरले काका. काचीगुड्यात त्यांचा छोटा छापखाना होता. एक ट्रेडल मशीन, मराठी आणि इंग्रजी खिळ्यांच्या केसेस, आणि दोन माणसं. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांच्या स्मरणिका. ऑफसेट आलं, डीटीपी आलं, आणि १९९८ साली अप्पांनी छापखाना बंद केला. ट्रेडल विकलं, खिळे शिशाच्या भावानं वजनावर गेले. त्या दिवशी अप्पा जेवले नाहीत, एवढंच मला आठवतं.

पण त्यांच्याकडे एक काम होतं. गेली दहा-बारा वर्षं ते एक बाड लिहीत होते. निजामाच्या राज्यात मराठवाड्याचे जिल्हे होते, तेव्हापासून आपली माणसं नोकरीला, वकिलीला, शिकायला हैदराबादला येत गेली. १९५६ साली भाषावार राज्यं झाली, मराठवाडा तिकडे गेला, आणि आपण इकडेच राहिलो. कोणतं घर कोणत्या गावातून आलं, कधी आलं, पहिल्यांदा कुठे उतरलं, उर्दू कुणाकडे शिकलं, पोलीस ॲक्शनच्या वेळी कुठे होतं, हे अप्पा एकेका म्हाताऱ्या माणसापुढे बसून विचारायचे आणि वहीत टिपून घ्यायचे. त्या वह्या कॉम्प्युटरवर चढवायच्या आणि पुस्तक करायचं, असं त्यांनी ठरवलं. ट्रेडलचे आणि खिळ्यांचे पैसे कॉम्प्युटरला द्यायचे ठरले. आणि कॉम्प्युटर निवडायचं काम माझ्यावर आलं, कारण मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि घरात कॉम्प्युटरवर बोलणारा मी एकटाच होतो.

आता तो काळ थोडा समजून घ्या, नाहीतर माझा गुन्हा कळायचा नाही.

मदरबोर्ड म्हणजे ज्या एका मोठ्या पाटीवर प्रोसेसर, मेमरी, डिस्क, ग्राफिक्स कार्ड सगळं येऊन मिळतं ती पाटी. अप्पा तिला गमतीनं 'मातृफलक' म्हणायचे. प्रोसेसरचा वेग हा गुणाकार असतो. बोर्डवरचा एक मूळ ठोका असतो, त्याला प्रोसेसरचा गुणक लावायचा. ठोका ६६ मेगाहर्ट्झ आणि गुणक साडेचार, म्हणजे ३०० मेगाहर्ट्झ. जुन्या बोर्डांवर हा ठोका आणि गुणक जम्परनं ठरवायचे. जम्पर म्हणजे दोन खिळ्यांवर बसवायची तांदळाएवढी टोपी. माहितीपुस्तकातला तक्ता बघायचा, चिमट्यानं टोप्या हलवायच्या. हौशी मुलं हे करून प्रोसेसर नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायची. त्यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात.

१९९८ साली या हौसेचा सुवर्णकाळ आला. एप्रिलमध्ये इंटेलनं ४४० बीएक्स नावाचा चिपसेट काढला. त्यावरच्या बोर्डांचा ठोका १०० मेगाहर्ट्झपर्यंत अधिकृतपणे जायचा. ऑगस्टमध्ये सेलेरॉन ३००ए हा स्वस्तातला प्रोसेसर आला. त्याच दिवशी इंटेलनं पेंटियम टू ४५० आणला. हजार नगांच्या भावानं सेलेरॉन १४९ डॉलरला आणि पेंटियम ६६९ डॉलरला. सेलेरॉनचा गुणक इंटेलनं साडेचारावर कुलूपबंद केला होता, म्हणजे गुणक वाढवून कुणी चोरी करू नये. पण ठोक्याला कुलूप नव्हतं. ६६ ऐवजी १०० चा ठोका दिला की साडेचार गुणिले १०० म्हणजे ४५०. शिवाय या सेलेरॉनची १२८ केबीची कॅश प्रोसेसरच्याच चकतीवर होती आणि पूर्ण वेगानं चालायची. पेंटियमची ५१२ केबीची कॅश बाजूच्या चिपांत, निम्म्या वेगानं. थोडक्यात, स्वस्तातला पोरगा महागड्याच्या खांद्याला खांदा लावायचा.

काही बोर्ड मात्र प्रोसेसरला विचारायचे, "तू ६६ चा का १०० चा?" आणि तो सांगेल तसंच वागायचे. मग मुलं प्रोसेसरच्या कार्डावरच्या बी२१ नंबरच्या पट्टीवर चिकटपट्टीचा तुकडा लावायची, म्हणजे त्याचं तोंड बंद. तैवानच्या अबिट कंपनीच्या बीएच६ या बोर्डला त्याची गरज नव्हती. त्यात जम्परच नव्हते म्हटलं तरी चालेल. मशीन चालू करताना डिलीट दाबायचं, बायॉसमध्ये 'सॉफ्टमेनू' नावाचं पान उघडायचं, आणि ठोका ६६, ७५, ८३, १०० असा निवडायचा. व्होल्टेजसुद्धा तिथूनच वाढवता यायचं. असूसचा पी२बी हा त्या वेळचा दुसरा नावाजलेला बोर्ड. तो दणकट, भरवशाचा, पण ठोका जम्परनं आणि व्होल्टेजला हात लावायची सोय नाही. हौशी लोकांनी बीएच६ डोक्यावर घेतला तो यामुळे.

हे सगळं मला कुठून कळलं? आबिड्सच्या एका सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून मी दोन साइट वाचायचो. एक टॉम्स हार्डवेअर, १९९६ ची. दुसरी आनंदटेक. ती आनंदलाल शिंपी नावाच्या मुलानं १९९७ साली काढली तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. अमेरिकेतला चौदा वर्षांचा पोरगा जगाला सांगतोय बोर्ड कुठला घ्यावा, आणि मी एकोणीस वर्षांचा, मला एक घेता येऊ नये? असा तो सगळा तोरा.

१९९९ च्या पाडव्याच्या आधी मी सिकंदराबादला पार्क लेनवरच्या चेनॉय ट्रेड सेंटरला गेलो. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना सांगायला नको. मजल्यावर मजले, काडेपेटीएवढी दुकानं, जिन्यात खोक्यांचे ढीग. मी बीएच६ मागितला. दुकानदार भाईंनी विचारलं, "किस के वास्ते?" मी म्हटलं, घरी काकांना पुस्तक लिहायचंय. ते माझ्याकडे बघतच राहिले. "देखो मियाँ, ये बोर्ड शौकीनां के वास्ते है. काका के काम को नक्को लेओ. सादा लेओ, चुपचाप चलता रैता." मी म्हटलं, "हौ भाई, पर येइच होना." भाईंनी खांदे उडवले आणि खोका काढला.

पाडव्याला मशीनची पूजा झाली. बीएच६, सेलेरॉन ३००ए, ६४ एमबी मेमरी, ४.३ जीबीची डिस्क, विंडोज ९८. मराठी फॉन्टचं पॅकेज आणि त्याचं डोंगल प्रिंटरच्या पोर्टला. काकूंनी मॉनिटरला हळद-कुंकू वाहिलं. रात्री सगळे झोपल्यावर मी सॉफ्टमेनूत गेलो, १०० निवडलं, सेव्ह केलं. पडद्यावर ४५० आलं. मला झोप लागली नाही.

खरं सांगतो, अप्पांना त्याचा काडीचा उपयोग नव्हता. एका बोटानं टाइप करणाऱ्या माणसाला ३०० काय आणि ४५० काय! पण मित्र घरी आले की मी त्यांना पडदा दाखवायचो.

एप्रिलमध्ये सीआयएच व्हायरसची भीती आली. २६ एप्रिल १९९९ या दिवशी तो उठला आणि जगभरात किती तरी मशीनची डिस्क आणि काही बोर्डांचं बायॉससुद्धा पुसून गेला. अप्पांनी पेपरात वाचलं आणि त्या दिवशी मशीनला हात लावला नाही. "संकट बाहेरून येतंय म्हणतात," असं म्हणाले. संकट घरातच होतं.

मे महिना आला. हैदराबादचा मे तुम्हाला माहीत आहे. वरच्या खोलीवर पत्रे. दुपारी अप्पा टाइप करायला बसले की मशीन गोठायचं. अप्पांची हाक यायची, "अरे, हे पुन्हा थांबलं बघ. काय करायलास तू ह्याला?" मी व्होल्टेज २ वरून २.२ केलं. पण उष्णता व्होल्टेजच्या वर्गानं वाढते. दोनाचे २.२ केले की उष्णता एकवीस टक्के जास्त. उन्हाळ्यात पत्र्याखाली हे म्हणजे तापल्या तव्याखाली आणखी जाळ. गोठणं वाढलंच.

मग मी शहाणपणा केला. म्हटलं १०० नको, जरा खाली येऊ. सॉफ्टमेनूत ८३ चा पर्याय होता. ८३ गुणिले साडेचार, म्हणजे ३७५. व्होल्टेज पुन्हा दोनावर आणलं. प्रोसेसर थंड झाला, गोठणं बंद. प्राइम९५ नावाचा प्रोग्राम असतो, तो प्रोसेसरला आणि मेमरीला रात्रभर घाण्याला जुंपतो आणि एक जरी गणित चुकलं तरी सांगतो. रात्रभर लावला, एक चूक नाही. मी अप्पांना सांगितलं, "आता काळजी नको. मी वेग कमी केलाय आणि तपासूनही घेतलंय."

अप्पा मे ते ऑगस्ट रोज टाइप करत राहिले.

ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी मशीन निळ्या पडद्यावर आलं. स्कॅनडिस्क चालवलं. ते बराच वेळ चाललं आणि चुका दुरुस्त केल्याचं सांगून मोकळं झालं. अप्पांच्या फोल्डरमधल्या कितीतरी फाइल शून्य बाइटच्या झाल्या होत्या, काही उघडत नव्हत्या, आणि डिस्कच्या मुळाशी एफ-आय-एल-ई-शून्य-शून्य अशा नावाच्या तुकड्यांची रांग लागली होती. एकेक तुकडा उघडला तर सगळं रोमन अक्षरांचं गिचमिड. तेव्हा आपल्याकडे मराठीसाठी युनिकोड वापरात नव्हतं. आपली मराठी ही इंग्रजी अक्षरांवर चढवलेला फॉन्ट असायची. मी गिचमिड सिलेक्ट करून फॉन्ट लावायचो, आणि त्यातून एकदम ओळ उभी राहायची. उमरीहून बैलगाडीनं निघालेलं कुणाचं घर. मग मध्येच चौकोन आणि चौकोन. मग दुसऱ्याच घराची मुंज.

बॅकअप? होता. जूनमधल्या तीन फ्लॉप्या. आणि वह्या? वह्या ज्या चढवून झाल्या, त्यांतल्या बऱ्याचशा अप्पांनी काकूंना देऊन टाकल्या होत्या. घर लहान, आणि "आता कॉम्प्युटरात आहे की" असं मीच म्हणालो होतो.

कारण मला शोधायला दोन दिवस लागले, आणि ते इतकं साधं होतं की रडू आलं. ते इथे नीट मांडतो, कारण बोर्डची पारख म्हणजे काय हे मला त्या दोन दिवसांत कळलं.

बोर्डवरचा मूळ ठोका फक्त प्रोसेसरला जात नाही. त्यालाच भागून बाकीच्यांचा ठोका काढतात. डिस्कचा कंट्रोलर ज्या पीसीआय मार्गावर असतो, त्याचा नेमका ठोका ३३ मेगाहर्ट्झ. मूळ ठोका ६६ असला की बोर्ड त्याला दोननं भागतो, ३३ येतात. १०० असला की तीननं भागतो, पुन्हा ३३ येतात. ग्राफिक्सच्या एजीपी मार्गाला ६६ हवेत. ६६ ला तेवढेच मिळतात, आणि १०० ला दोन-तृतीयांश केले की पुन्हा ६६. म्हणजे १०० वर फक्त प्रोसेसर पळत होता, बाकी सगळं घर आपल्या चालीनं चालत होतं. पण ८३ ला भाजक दोनच. ८३ भागिले दोन म्हणजे ४१ च्या वर. डिस्कचा कंट्रोलर पंचवीस टक्के जादा वेगानं पळवला जात होता, आणि एजीपी ६६ ऐवजी ८३ वर.

म्हणजे मोठा आकडा डिस्कला सुरक्षित होता आणि मी 'सांभाळून' घेतलेला छोटा आकडा घातक होता. १०० वर मशीन गोठायचं, आरडाओरडा करायचं. ८३ वर ते शांतपणे, रोज थोडं थोडं, अप्पांचं लिहिलेलं कुरतडत होतं. आणि प्राइम९५? त्यानं प्रोसेसर आणि मेमरी तपासली, ती दोन्ही ठणठणीत होती. डिस्क तपासायला मी त्याला सांगितलंच नव्हतं, त्याचं ते कामच नव्हतं. परीक्षेत पास झाला म्हणजे न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येतं असं नाही.

बोर्डचा दोष नव्हता. त्यानं मी सांगितलं तेच केलं. ६६ च्या पुढे जायची जबाबदारी वापरणाऱ्याची, हे त्या वेळी प्रत्येक हौशी माणसाला माहीत होतं. फक्त त्या मशीनवर काम करणारा मी नव्हतो, अप्पा होते, आणि त्यांना मी विचारलं नव्हतं.

अप्पांना सांगायला वरच्या खोलीत गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. भाजक वगैरे त्यांना चटकन कळलं, मशीनच्या गिअरमध्ये आयुष्य गेलेलं. म्हणाले, "म्हणजे मोठं चाक हळू केलंस, पण पट्टा बदलला नाहीस." मग बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "आमच्यात प्रूफ न वाचता फर्मा चढवत नसत. तू प्रूफ वाचलंस, पण दुसऱ्याच पानाचं." रागावले असते तर बरं झालं असतं.

बायॉसमध्ये जाऊन मी ठोका ६६ वर आणला. ३००. त्यानंतर त्या मशीनला मी हात लावला नाही.

पुढची दोन वर्षं अप्पांनी ते पुन्हा लिहिलं. फ्लॉप्यांतलं निघालं, तुकड्यांतून मी जोडून दिलं तेवढं जमलं, काही वह्या काकूंनी खरं म्हणजे टाकल्याच नव्हत्या, गव्हाच्या डब्यामागे ठेवल्या होत्या. काही माणसांकडे अप्पा पुन्हा जाऊन बसले. पण त्या उन्हाळ्यानंतर दोन आजी गेल्या होत्या, आणि एक आजोबा होते पण त्यांना आठवत नव्हतं. सुलतान बाजारातल्या त्या तीन घरांची पानं बाडात कोरी आहेत. अप्पांनी ती मुद्दाम कोरी ठेवली, वर फक्त आडनाव घातलं. त्यांपैकी एका घरातली नात मला मागच्या वर्षी भेटली आणि विचारलं, "आमचं गाव कोणतं होतं, अप्पांच्या बाडात आहे का?" मला उत्तर देता आलं नाही. ही पोस्ट त्यासाठी आहे.

त्यानंतर मी बोर्ड बघायला शिकलो. आकड्यांकडे नाही, बोर्डकडे.

२००३ साली ऑफिसातलं एक मशीन, वेगळ्याच कंपनीच्या बोर्डचं, सकाळी चालू व्हायला कुरकुर करू लागलं. उघडून पाहिलं तर प्रोसेसरजवळचे कपॅसिटर फुगलेले. कपॅसिटर म्हणजे त्या छोट्या पिंपासारख्या नळ्या, ज्यांच्या डोक्यावर चर असते. चांगल्या कपॅसिटरचं डोकं सपाट असतं. यांची डोकी पोळीसारखी फुगली होती, दोघांच्या डोक्यावर तपकिरी चिकट काहीतरी सुकलं होतं. १९९९ नंतरच्या काही वर्षांत जगभर हीच साथ होती. काही कारखान्यांच्या कपॅसिटरमधला द्रव नीट बनवलेला नव्हता, आत वायू तयार व्हायचा. अबिटच्याच बीपी६ या नावाजलेल्या, दोन सेलेरॉन घेणाऱ्या बोर्डलाही ही बाधा झाली.

कोठीच्या गुजराती गल्लीतून मी नवे कपॅसिटर आणले. तिथल्या चाचांनी शिकवलं, नुसते मायक्रोफॅरड आणि व्होल्ट बघू नका, अंगावर १०५ अंश लिहिलंय का ८५ ते बघा. आणि जागा बघा. या जातीच्या कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंश कमी तापमानाला साधारण दुप्पट होतं. म्हणून ज्या बोर्डवर ते प्रोसेसरच्या गरम हवेच्या झोतात ठेवलेत, तो बोर्ड कागदावर कितीही भारी असला तरी पाच वर्षांत म्हातारा. चार अंगुळं बाजूला ठेवलेत, तर तोच माल दहा वर्षं जातो.

अशा गोष्टी बघायला लागलो. प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या कॉइली आणि मॉस्फेट किती आहेत, त्यांच्यावर थंड करायला काही आहे का. मेमरीची खिट्टी उघडताना ग्राफिक्स कार्ड आड येतं का. बायॉसमध्ये चुकीची सेटिंग दिली तर परत यायची वाट आहे का. ती वाट बीएच६ मध्ये होती. इन्सर्ट दाबून धरून मशीन चालू केलं की ते मूळ सेटिंगवर यायचं. ठोका बदलला तर डिस्कचा ठोका जागेवर ठेवायची सोय आहे का. पुढच्या काही वर्षांत चांगल्या बोर्डांवर पीसीआयचा ठोका वेगळा बांधून ठेवता येऊ लागला. ती ओळ मी पहिल्यांदा एका बायॉसमध्ये पाहिली तेव्हा पडद्यासमोर नुसता बसून राहिलो. चार वर्षं आधी असती तर.

अबिटचं पुढे काय झालं? २००६ मध्ये बोर्डांचा धंदा दुसऱ्या तैवानी कंपनीला विकला गेला, आणि २००८ च्या ३१ डिसेंबरला बंद झाला. ओव्हरक्लॉकिंग हौशी पोरांच्या हातात देणारी कंपनी. पण तिची सॉफ्टमेनूची कल्पना सगळ्यांनी उचलली. कपॅसिटर घन पॉलिमरचे आले, फुगणं थांबलं. आनंदटेक २०२४ च्या ऑगस्टमध्ये बंद झालं.

आणि सेटिंगचा हातही बदलला. आमच्या वेळी जास्त वेग हवा असेल तर आपण पाप करायचो आणि आपणच भोगायचो. हल्ली बोर्ड स्वतःच वेग वाढवून येतो, आणि सेटिंगच्या नावापुढे 'ऑटो' लिहिलेलं असतं. २०२३ मध्ये एएमडीचे काही रायझन प्रोसेसर जळाले. मेमरीची वेगवान सेटिंग लावली की काही बोर्ड प्रोसेसरच्या एका भागाला जास्त व्होल्टेज देत होते. एएमडीला त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घालावी लागली. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरचं तेच नाही पण तसंच. ते अस्थिर व्हायला लागले. आधी बोर्डांच्या मूळ सेटिंगच इंटेलच्या मर्यादेबाहेर असल्याचं दिसलं. पुढे प्रोसेसरच्या स्वतःच्याच मायक्रोकोडमधून गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितलं जात होतं हे मुख्य कारण निघालं. इंटेलनं ऑगस्टमध्ये दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बायॉस अपडेट करणं हे आता हौसेचं काम राहिलं नाही, घराच्या गॅसची नळी बदलण्यासारखं झालंय.

गेल्या महिन्यात माझ्या पुतणीनं मशीन जोडायला घेतलं. तिला व्हिडिओ एडिटिंग करायचंय. म्हणाली, "काका, हा बोर्ड बघा, याचे रिव्ह्यू मस्त आहेत, मेमरी इतक्या वेगाची चालते." मी विचारलं, "या मशीनवर काम कुणाचं असणार?" ती म्हणाली, "माझं. आणि आईचे सगळे फोटो." मग आम्ही दोघं बसलो. बायॉसच्या नव्या आवृत्तीत काय दुरुस्त केलंय ते वाचलं. प्रोसेसरच्या वीजमर्यादा कंपनीच्या मूळ आकड्यांवर ठेवता येतात का ते पाहिलं. बायॉस पुसलं गेलं तर पेन ड्राइव्हनं परत घालायचं बटण मागच्या बाजूला आहे का ते पाहिलं. मेमरीचा वेग तिला हवा तेवढा लावू दिला, हौस असावी माणसाला. फक्त एका अटीवर. आधी रात्रभर मेमरी तपासायची, मग मोठ्या फाइली डिस्कवर नेऊन परत आणून ताडून बघायच्या, आणि आईचे फोटो त्या मशीनच्या बाहेर अजून दोन ठिकाणी असल्याशिवाय सेटिंगच्या पानावर जायचं नाही.

"एवढं काय काका," म्हणाली. मी तिला बाडातली ती तीन कोरी पानं दाखवली.

बीएच६ माळ्यावर आहे. दिवाळीच्या साफसफाईत दर वर्षी हातात येतो. मागच्या दिवाळीत बॅटरी घालून चालू केला. मॉनिटर जुना, पण पडद्यावर आलं, सेलेरॉन, ३००. कपॅसिटरची डोकी अजून सपाट आहेत. चेनॉयवाल्या भाईंचं म्हणणं अर्धं खरं निघालं. शौकीनांचाच बोर्ड, पण सादा ठेवला तर चुपचाप चालतो.

अप्पांचं पुस्तक छापलं गेलं नाही. बाड आहे, आता युनिकोडमध्ये आणलंय, तीन ठिकाणी ठेवलंय. अप्पा २०११ मध्ये गेले.

आता विनंती. सुलतान बाजारात बडी चौडीच्या बाजूला, १९५० च्या आसपास राहणारी जी मराठी घरं होती, त्यांच्यापैकी कुणाचे आजी-आजोबा असतील, कुणाला काही ऐकून ठाऊक असेल, मूळ गाव, कुणाबरोबर आले, पहिली नोकरी, काहीही, तर कृपा करून मला लिहा. आडनावं मी इथे देत नाही, तुम्ही सांगा, मी जुळवून बघतो. तीनपैकी एक पान जरी भरलं तरी अप्पांच्या वहीत ते लिहून ठेवीन.

आणि घरात जुन्या फ्लॉप्या, सीडी, माळ्यावरची मशीनं असतील तर टाकू नका. त्यातलं उघडून गिचमिड दिसलं तरी टाकू नका. तो कदाचित फक्त फॉन्ट लावायचा राहिला असेल.